पर्ण ते पन्नी : सेमाडोहच्या निमित्ताने घरगुती अन्नाच्या वेष्टनाचा इतिहास

१

रोजच्या जेवणाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास अभ्यासकाचे लक्ष साहजिकच धान्याकडे, पिकांकडे आणि पाकक्रियेकडे जाते. अन्न ज्यात बांधून आणले, ज्यात साठविले आणि ज्यावर वाढले, त्या आवरणाची दखल इतिहासकार क्वचितच घेतो. याचे कारण उघड आहे. पान कुजून मातीला मिळते, फडके जीर्ण होऊन पोतेऱ्याच्या कामी येते, कागद चुलीत जातो. मागे वस्तुरूप पुरावा असा उरतच नाही; जो उरतो तो शब्दांत. अलीकडे मात्र प्रथमच असे एक आवरण घरोघर पोहोचले आहे की ज्याचा पुरावा नको तितका उरतो. उकिरड्यावर, नाल्यात आणि कुंपणाच्या काट्यांवर तो कोणासही पाहता येतो. या दोन स्थितींमधील अंतर कसे काटले गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विचारास निमित्त सेमाडोहचे आहे. सेमाडोह हे अमरावती जिल्ह्याच्या चिखलदरा तालुक्यातील, परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील, सिपना नदीच्या काठचे गाव. १९७४ साली घोषित झालेल्या मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या अरण्यात ते वसलेले आहे. प्रदेश कोरकूंचा, त्यांची भाषा मुंडा कुळातील. सर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या १९०६ साली निघालेल्या चौथ्या खंडात स्टेन कोनो यांनी तिची नोंद संथाळी, मुंडारी यांच्यासमवेत केली आहे. वनखात्याचे पर्यटक-संकुल येथे असल्याने बाहेरच्या मंडळींची ये-जाही असते. अशा अरण्यातील गावातसुद्धा दुकानाच्या दाराशी लहान लहान पुड्यांच्या माळा टांगलेल्या असतात. चहापूड, साखर, तेल, हळद, तिखट, मसाला, बिस्किटे असा रोजच्या स्वयंपाकाचा आणि न्याहारीचा मोठा भाग आज प्लॅस्टिकच्या आवरणात बांधून येतो. संध्याकाळी चूल पेटते तेव्हा त्याच आवरणांतील काही तिच्यात जाळली जातात, हेही मेळघाटाबाहेरच्या खेड्यांप्रमाणेच येथे घडते.

हा कचरा कमी कसा करावा, असा प्रश्न सर्वत्र विचारला जातो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी तो निर्माण कसा झाला, हे पाहिले पाहिजे. कारण कचरा ही वस्तू मुळात वस्तू नसून देवघेवीच्या एका विशिष्ट रीतीचा शेष आहे, असे या इतिहासावरून दिसून येते.

२

प्रथम शब्दांचा विचार करू. मराठीत अन्नाच्या आवरणांना जी नावे आहेत, त्यांतील बरीचशी पानाशी नाते सांगतात. 'पत्रावळ' म्हणजे पत्रावली, पानांची ओळ. हे कोणाच्याही ध्यानात येईल. 'पुडा' आणि 'पुडी' यांचे मूळ मात्र सहज लक्षात येत नाही. हे शब्द संस्कृत 'पुट' यावरून प्राकृतातून आले. पुट म्हणजे घडी, दुमड, आणि विशेषतः पानाची घडी घालून केलेला द्रोण. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात नंदिनी धेनू दिलीप राजाला आपले दूध पत्रपुटात काढून प्यावयास सांगते, तेथे हाच अर्थ आहे. औषधी पानांत गुंडाळून, वरून मातीचा लेप देऊन, विस्तवावर भाजून तिचा रस काढण्याच्या आयुर्वेदीय क्रियेस 'पुटपाक' म्हणतात, तेथेही पुट पानाचेच. एकोणिसाव्या शतकात मोल्सवर्थ आपला कोश सिद्ध करीत होता, तेव्हा पुडा हा शब्द गुंडाळून बांधलेल्या जिनसाचा वाचक म्हणून रूढ होता. आपल्याकडे विवाहनिश्चयाच्या विधीसच 'साखरपुडा' असे नाव पडले, इतकी ही साधी वस्तू व्यवहारात मुरली होती.

कागदानंतर आलेल्या लोखंडी, कल्हईच्या डब्याला आपण 'पत्र्याचा डबा' म्हणतो. हा 'पत्रा'देखील मूळचा पत्रच. पानासारखा पातळ ठोकलेला धातू. वह्यापुस्तकांच्या कागदाला 'पान' म्हणतो, आणि रद्दीच्या पानाचीच वाण्याकडे पुडी होते. राहता राहिली प्लॅस्टिकची पिशवी. पुण्यामुंबईकडे तिला 'कॅरीबॅग' म्हणतात, परंतु वऱ्हाड-नागपुराकडे तिचे चालू नाव 'पन्नी' असे आहे. हा शब्द हिंदीतून आला. तेथे त्याचा जुना अर्थ चकचकीत धातूचा पातळ वर्ख असा आहे. त्याचा संबंध 'पन्ना' म्हणजे पृष्ठ या शब्दाशी जोडला जातो, आणि 'पन्ना' हे 'पर्ण' याचेच रूप. म्हणजे पान, पृष्ठ, वर्ख आणि अखेरीस प्लॅस्टिकची पिशवी असा या शब्दाचा प्रवास झाला. बोलणाऱ्याच्या जिभेवर अजून पानच आहे. हातात मात्र पान राहिलेले नाही.

कोरकूची गोष्ट निराळी. त्या भाषेत पानाला 'साकोम' म्हणतात. संथाळीतील 'सकाम' हा त्याचाच भाऊबंद. सेमाडोहजवळून वाहणाऱ्या सिपना नदीचे नावही कोरकूत सागाचे नाव आहे. झाड, पान, पाणी यांचे शब्द कोरकूचे स्वतःचे आहेत. बाजारातून येणाऱ्या जिनसांची नावे मात्र तिने हिंदीतून वा मराठीतून उचलली आहेत. वस्तू जेथून आली तेथून तिचे नाव आले, हे स्वाभाविकच आहे. त्यावरून एवढे खात्रीने म्हणता येते की येथील माणसास पान हे घरचे होते आणि दुकानाची पुडी बाहेरची.

शब्दांचा हा पुरावा एका बाबतीत सावधपणे घ्यावयास हवा. नाव टिकले म्हणजे वस्तू टिकली असे नव्हे. उलट, नाव टिकल्यामुळे वस्तू बदलल्याचे ध्यानात येत नाही. आज लग्नकार्यात ज्यास आपण 'द्रोण' म्हणतो, तो पुष्कळदा कागदाचा असून त्याच्या आतल्या अंगास प्लॅस्टिकचा चकचकीत पापुद्रा असतो. पुडाही पुडाच म्हटला जातो. त्यामुळे एक संपूर्ण वस्तुव्यवस्था पालटली तरी भाषेत त्याची खळबळ झाली नाही.

३

पानाच्या युगाचे स्वरूप काय होते? मेळघाटाच्या कोरड्या पानझडी अरण्यात साग आणि पळस ही दोन झाडे या दृष्टीने महत्त्वाची. सागाचे पान मोठे पण खरखरीत, म्हणून ते झाकण्यास व गुंडाळण्यास बरे. पळसाचे पान चिवट, रुंद आणि न फाटणारे, म्हणून जेवणाचे पान ते. वऱ्हाडी बोलीत पळसाला 'पयस' म्हणतात. कुठेही गेले तरी पळसाला पाने तीनच, ही म्हण ज्याच्या तोंडी आली त्याने पत्रावळीसाठी ती पाने हाताळली असणार, यात संशय नाही. फाल्गुनात पळस फुलतो, पुढे चैत्र-वैशाखात त्यास नवी पालवी येऊन पाने जून होऊ लागतात, आणि लग्नसराईही त्याच सुमारास असते. पाने काडीने टोचून पत्रावळी व द्रोण लावावेत, वाळवून त्यांच्या गड्ड्या बांधून ठेवाव्यात, आणि पावसाळाभर त्या पुरवाव्यात, असा हा वार्षिक क्रम होता. पान स्वयंपाकाचेही साधन होते. विदर्भात पानांत धरून आरावर भाजल्या जाणाऱ्या कणकेच्या पदार्थाला 'पानगे' हे नाव त्यावरूनच मिळाले.

परंतु पानाने सर्व काही होत नसे. धान्यासाठी बांबूच्या कणग्या आणि टोपल्या, पाण्यासाठी माठ, तुपालोणच्यासाठी चिनी मातीच्या बरण्या, दूधदुभत्यासाठी शिंके, शेतावर न्यावयाच्या शिदोरीसाठी फडके, अशी कामांची वाटणी होती. 'शिंके' हा शब्द संस्कृत 'शिक्य' यापासून आला. टांगून ठेवणे हेच तेथे रक्षण. 'द्रोण' या शब्दाने प्राचीन काळी धान्याचे एक मापही दर्शविले जाई, आणि त्याच कोष्टकातील 'कुडव' मराठीत पुष्कळ काळ चालू राहिला. भांडे आणि माप या एकाच वस्तूच्या दोन बाजू होत्या.

या सर्व व्यवहारास एक न सांगितलेला नियम होता, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या इतिहासाचे सूत्र त्यातच आहे. तो नियम असा की पात्र घेणाऱ्याचे आणि माल देणाऱ्याचा. तेल आणावयाचे तर तेल्याकडे आपली बुधली न्यावी. दूध घ्यावयाचे तर गवळ्यासमोर आपला गंज धरावा. धान्य घ्यावयाचे तर आपले पोते उघडावे. भिक्षेच्या बाबतीतही हाच नियम. तेराव्या शतकात याच अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे मोठे ठिकाण झाले. त्या पंथाच्या साधकांनी झोळी घेऊन भिक्षा मागावी आणि तिच्यात पडेल ते अन्न सेवन करावे, अशी चाल होती. झोळी मागणाऱ्याची, अन्न देणाऱ्याचे. देवघेव संपली की पात्र ज्याचे त्याच्याजवळ परत राही आणि पुढच्या खेपेस पुन्हा उपयोगी पडे. पात्र जवळ नसेल अशा प्रसंगी तेवढ्यापुरते पान घ्यावे आणि काम झाल्यावर टाकावे. ते गाईने खाल्ले वा मातीत मिळाले. टाकाऊ आवरण हा अपवाद होता, आणि तो अपवादही पानाचा असल्याने निरुपद्रवी होता.

४

या नियमास तडा एकाएकी गेला नाही. कागद आला तेव्हा तो रद्दीच्या रूपाने आला. वाण्याने जुन्या वर्तमानपत्राच्या पुड्या बांधल्या, तरी वजन त्याच्या तागडीतच होई आणि घरी गेल्यावर जिन्नस डब्यात ओतला जाई. पत्रा आला तेव्हा तोही टिकाऊ म्हणून आला. १९३७ साली बाजारात आलेल्या डालडा या वनस्पती तुपाचे डबे संपल्यावर कोणी फेकले नाहीत. त्यांत पीठ, डाळ, तिखट साठविले गेले, अंगणात त्यांत तुळसही लागली. म्हणजे आवरण आता देणाऱ्याकडून येऊ लागले होते, परंतु घेणाऱ्याने त्यास आपले पात्र करून घेतले. जुन्या नियमाने नव्या वस्तूस काही काळ सामावून घेतले, असे म्हणावयास हरकत नाही.

खरा पालट मापाच्या बाबतीत झाला. १९५६ च्या कायद्याने देशात दशमान वजने-मापे आली आणि पायली, शेर, अधोली मागे पडली. त्यानंतर १९७७ साली आवेष्टित वस्तूंसंबंधीचे नियम झाले. पुड्यावर वजन, किंमत व उत्पादकाचे नाव छापणे त्यांनी आवश्यक केले. ग्राहकाच्या हिताच्या दृष्टीने ही सुधारणाच होती. तथापि तिचा एक परिणाम असा झाला की माप दुकानदाराच्या तागडीतून कारखान्यात गेले. ज्या आवरणावर वजन छापले आहे, ते आवरण फोडल्याशिवाय माल हाती येत नाही, आणि फोडलेले आवरण दुसऱ्या कामास येत नाही. भांडे आणि माप यांचे जे ऐक्य वर सांगितले, ते येथे पुन्हा झाले. परंतु आता भांडे एकदाच वापरावयाचे होते.

याच सुमारास प्लॅस्टिकची पातळ फीत स्वस्त होत गेली. पॉलिएथिलीनचा शोध १९३३ साली इंग्लंडमध्ये इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या प्रयोगशाळेत लागला होता. दोन कानांची जी पिशवी आज सर्वत्र दिसते, ती स्वीडनमधील स्टेन गुस्ताफ थुलिन यांनी रचली व तिचे अमेरिकेतील एकस्व १९६५ साली मिळाले. भारतातील खेड्यांत हे पदार्थ पोहोचावयास त्यानंतर काही दशके लागली. पोहोचल्यावर मात्र पान, फडके, कागद आणि पत्रा या चौघांची जागा एकट्या प्लॅस्टिकने घेतली.

५

हे इतके सहज का घडले, हे समजून घेतल्याखेरीज त्याविरुद्ध उपदेश करणे व्यर्थ होय. अन्नाच्या आवरणाची कामे तीन : धारण, रक्षण आणि प्रमाण. माल सांडू न देणे हे धारण. ओल, कीड व भेसळ यांपासून त्यास वाचविणे हे रक्षण. आणि आत काय व किती आहे याची साक्ष देणे हे प्रमाण. पूर्वी ही कामे तीन निरनिराळ्या ठिकाणी होत. धारण पान व पिशवी करी, रक्षण बरणी व शिंके करी, आणि प्रमाण ही दुकानदाराच्या तागडीची व त्याच्या पतीची बाब होती. प्लॅस्टिकची मोहोरबंद पुडी ही तीनही कामे एकत्र आणि अल्प किमतीत करते.

यांतील रक्षण व प्रमाण यांना तुच्छ लेखून चालणार नाही. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या सुट्या तेलात 'पिवळा धोत्रा' म्हटल्या जाणाऱ्या काटेरी रोपाच्या बियांचे तेल मिसळले गेल्याने जलोदरासारख्या व्याधीची साथ आली आणि साठाहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर सुट्या खाद्यतेलाच्या विक्रीवर निर्बंध आले. आयोडीन नसलेले मीठ खाण्यासाठी विकण्यावरील बंदी २००६ पासून पुन्हा लागू झाली. आणि मिठातील आयोडीन टिकावयाचे तर ते ओलीपासून दूर, बंद आवरणातच असावे लागते. ज्या मेळघाटातील बालकांच्या कुपोषणाने १९९३ साली साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष वेधून घेतले, तेथे अन्नाची शुद्धता हा चैनीचा विषय नाही. तेव्हा सर्व पुड्या सारख्याच निषिद्ध, असे म्हणणे न्याय्य होणार नाही.

दुसरी बाब गरिबीची. रोजंदारीवर जगणारे घर महिन्याचा शिधा एकदम भरू शकत नाही. आजच्या मजुरीत आजचे तेल, आजचे तिखट घ्यावे लागते. दुकानातील लहान पुडी अशा गिऱ्हाइकासाठीच निघाली आहे. परंतु भूमितीचा नियम असा की आकार लहान होत जातो तसतसे मालाच्या मानाने आवरण अधिक लागते. एका मोठ्या पुड्यातील माल त्याच घडणीच्या आठ लहान पुड्यांत भरला, तर आवरण दुप्पट लागते. म्हणजे ज्याची खरेदी सर्वांत लहान, त्याच्या घासामागे कचरा सर्वांत जास्त. हा दोष घेणाऱ्याच्या आळसाचा नाही, त्याच्या मिळकतीचा आहे. शिवाय ही लहान पुडी बहुधा अनेक थरांची असते. निरनिराळ्या पदार्थांचे पापुद्रे एकमेकांस चिकटविलेले असल्याने ते वेगळे करून पुन्हा वापरणे अवघड, म्हणून भंगारवालाही तिला हात लावत नाही.

तिसरी बाब अरण्याच्या कायद्याची. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने जंगलातील पाने, फुले व फळे यांची गणना वनोपजात केली, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यातून वनोपज नेण्यावर आणखी निर्बंध घातले. २००६ साली संमत झालेल्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील वननिवासींचा हक्क मान्य केला, हे खरे. तथापि त्यापूर्वीच्या अनेक दशकांत पानास परवानगीची सावली चिकटली होती आणि पन्नी मात्र विनापरवाना गावात येत होती. अरण्याच्या रक्षणार्थ केलेले नियम अरण्यातील निरुपद्रवी आवरणास आड येतात, आणि अरण्यास अपाय करणारे आवरण त्याच वाटेने मोकळे आत येते, ही विसंगती विचार करावयास लावणारी आहे.

६

शासनाने या प्रश्नाची दखल घेतलीच नाही असे नाही. बांगलादेशाने २००२ साली पातळ पिशव्यांवर देशभर बंदी घातली. महाराष्ट्रात २६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरानंतर तुंबलेल्या गटारांचा प्रश्न ऐरणीवर आला आणि २००६ साली ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांविरुद्ध नियम झाले. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्याने पिशव्या आणि थर्मोकोलची ताटे, वाट्या, पेले यांवर व्यापक बंदी घातली व त्याच वर्षीच्या २३ जूनपासून तिची अंमलबजावणी सुरू केली. पहिल्या अपराधास ५,००० रुपये दंड ठरला. केंद्र शासनाने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या काही प्लॅस्टिक वस्तू देशभर बंद केल्या. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी प्लॅस्टिक कचऱ्याची जबाबदारी प्रथमच ग्रामपंचायतींवरही टाकली.

या सर्व नियमांचे स्वरूप पाहता एक गोष्ट ठळकपणे दिसते. बंदीचा रोख मुख्यतः पिशवी, ताट, वाटी यांवर, म्हणजे आपल्या परिभाषेत धारण करणाऱ्या आवरणांवर आहे. रक्षण व प्रमाण करणारी, कारखान्यातच बांधलेली पुडी या बंदीबाहेर राहिली. तिच्याबाबत उत्पादकाने कचरा परत गोळा करावा, असे दायित्व ठरविले गेले. शहरात हे दायित्व काही अंशी तरी पाळले जाऊ शकते. परंतु परतवाड्याच्या घाटापलीकडील गावात फुटलेली पुडी परत नेण्यासाठी कोण येणार? तेथे ती नदीस, चुलीस किंवा चितळ-सांबरांच्या वाटेस मिळते. आवरण विकणाऱ्याचे झाले, परंतु कचरा मात्र घेणाऱ्याचाच राहिला. जुन्या नियमाचा भंग झाला तो नेमका येथे.

७

तेव्हा घरातील रोजच्या जेवणापुरता या इतिहासाचा बोध काय? प्रत्येक जिनसाबाबत एक साधा प्रश्न विचारावा : या आवरणाचे येथे काम कोणते? केवळ धारणाचे असेल तर ते आवरण आज, याच क्षणी सोडता येईल. भाजीपाला, फळे, कांदे, अंडी, तांदूळ, डाळी, ज्वारी, गूळ यांस कापडी पिशवी व टोपली पुरेशी आहे. वऱ्हाड हा कापसाचा प्रदेश. तेथील गृहिणीने बाजारास जाताना पन्नीची वाट पाहावी, यासारखा विरोधाभास नाही. घरच्या मंगलकार्यात आणि पाहुण्यांच्या पंगतीत पळसाची पत्रावळ हे कोणत्याही कारखान्याच्या ताटाहून सरस साधन आहे, मात्र तिच्याखाली वा तिच्यावर प्लॅस्टिकचा पापुद्रा नसावा.

काम रक्षणाचे असेल तर आवरण मोठे करावे व त्यांची संख्या कमी करावी. तेलाच्या वीस पुड्यांऐवजी एक मोठा डबा, मसाल्याच्या माळेऐवजी वर्षाची हळद-मिरची कुटून बरणीत भरणे, हे उपाय नवे नाहीत. अडचण भांडवलाची आहे, आणि ती एकट्या घराने सुटणारी नाही. गावातील बचतगटाने मोहोरबंद मोठा डबा आणावा, तो सर्वांसमक्ष फोडावा आणि सभासदांनी आपापल्या बुधल्या भरून न्याव्यात, तर शुद्धतेची साक्ष राहते, आवरण घटते, आणि रोजंदारीच्या घरासही लहान माप परवडते. पूर्वी तेल्याच्या पतीने जे काम होई, ते गटाच्या पतीने होईल.

या सूचना काल्पनिक वाटू नयेत, म्हणून जुनी रीत अजून कोठे जिवंत आहे ते दाखविणे आवश्यक आहे. रेशनच्या दुकानात गहू-तांदूळ घेणारा माणूस आजही आपली पिशवी घेऊन जातो. पिठाच्या गिरणीत दळण आजही आपल्याच डब्यात जाते व त्याच डब्यात परत येते. गिरणीवाल्याने पीठ प्लॅस्टिकच्या पुड्यात बांधून द्यावे, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. घरी रतीब घालणाऱ्या गवळ्यापुढे आजही आपलेच पातेले धरले जाते. अंगणवाडीच्या योजनांतही हा भेद दिसतो. घरी न्यावयाचा कोरडा आहार पाकिटातून येतो. परंतु २०१५ साली सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना ताजे शिजवलेले जेवण दिले जाते, आणि बालकांना जी अंडी व केळी मिळतात त्यांचे आवरण निसर्गानेच घातलेले असते. पोषण आणि प्लॅस्टिक यांची सांगड अपरिहार्य नाही, हे यावरून सिद्ध होते.

उरते ते प्रमाणाचे काम. आत काय आहे याची साक्ष देण्यासाठी प्रत्येक पळीभर तेलास स्वतंत्र आवरण लागावे, ही आवरणाची गरज नसून परस्परांवरील विश्वास आटल्याची खूण आहे. हा विश्वास कायद्याने आणि तपासणीने पुन्हा निर्माण करता येतो. तो निर्माण करणे ही शासनाची, अन्नपरीक्षकांची व दुकानदारांची जबाबदारी होय. ती त्यांनी न उचलता गृहिणीस काटकसरीचा आणि सेमाडोहच्या कोरकू कुटुंबास स्वच्छतेचा पाठ द्यावा, हे अनुचित आहे. ज्या समाजाच्या हाती शतकानुशतके पानाखेरीज दुसरे आवरण नव्हते, त्यास कचरा कसा करू नये हे बाहेरच्यांनी शिकविण्याचे कारण नाही. शिकावयाचे असेल तर ते आपणच त्यांच्या जुन्या रीतीपासून शिकावे, आणि तेथे सहलीस जाताना आपला डबा, आपली पाण्याची बाटली व आपला कचरा यांची ने-आण स्वतःच करावी.

तात्पर्य, पर्णापासून पन्नीपर्यंतचा हा प्रवास पदार्थाचा जितका आहे तितकाच मालकीचा आहे. पात्र घेणाऱ्याचे असावे, हा जुना नियम जेथे जेथे टिकला तेथे तेथे कचरा झाला नाही, आणि जेथे तो मोडला तेथे कोणत्याही बंदीस पूर्ण यश आले नाही. दळणाचा डबा घेऊन गिरणीकडे निघालेली बाई हा नियम आजही पाळते. तीच वाण्याच्या दुकानाशी पोहोचेपर्यंत तो का विसरते, याचा शोध समाजशास्त्राच्या व अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी घ्यावा. भाषेच्या अभ्यासकास एवढेच सांगता येते की तिच्या तोंडचे शब्द तो नियम अद्याप विसरलेले नाहीत.